कापताना ६९२, देताना ३००

वाचकाचं पत्र

नोव्हेंबर २०१९ पासून मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात विक्रीच्या काउंटरवर काम करते. आम्ही एकूण चौतीस जण आहोत. पगार १८,००० रुपये ठरलेला: मूळ वेतन ९,०००, इतर भत्ता ५,५००, घरभाडं २,५००, प्रवास १,०००. कमिशन वेगळं, महिन्याला सरासरी तीनेक हजार. गेली दोन वर्षं पगार वाढलेला नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दुकान उघडं असतं आणि येणं सक्तीचं असतं. त्या दिवसाचे ‘सुट्टीचे’ म्हणून ३०० रुपये मिळतात, बदली सुट्टी मिळत नाही. रजा घेतली की पगारपत्रकात एका ओळीत ६९२ कापलेले दिसतात आणि खालच्या ओळीत ‘रजा वेतन ३००’. २०२४ मध्ये अशा पाच रजा घेतल्या, २०२५ मध्ये सहा. अनंत चतुर्दशीला दुकान बंद असतं, तर तो दिवस आमच्याच रजेतून वळता करतात. विधानसभेच्या मतदानादिवशी गेले नाही, तर खाडा मांडला. आता मला नोकरी सोडायची आहे. अकाउंटवाले म्हणतात, नऊ रजा शिल्लक आहेत, त्यांचे २,७०० मिळतील. वर असंही सांगितलं, की गेल्या वर्षी तुम्हाला ‘फ्लोअर इन्चार्ज’ केलंय, त्यामुळे दुकानांचा कायदा तुम्हाला लागूच नाही. मला भांडायचं नाही. पण माझं किती येणं आहे आणि ते मागायचं कसं, एवढं सांगाल का?

— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर

ताई, तुमचे पैसे बुडालेले नाहीत, अडकलेले आहेत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा हिशोब साधारण १७,००० रुपयांवर येतो, आणि तोही हात राखून केलेला आहे. दुकान देऊ करतंय २,७००. मात्र हिशोबात शिरण्याआधी एक विनंती. राजीनामा लिहून ठेवला असेल तर तो अजून देऊ नका. का, ते पुढे सांगतो.

आधी तुमचं पगारपत्रक समोर घेऊ. ६९२ हा आकडा आला कुठून? १८,००० ला २६ ने भागा, ६९२ रुपये ३१ पैसे येतात. म्हणजे खाडा मांडताना दुकान तुमचा पूर्ण पगार धरतं, घरभाडं आणि प्रवासासकट, आणि महिन्याचे दिवस धरतं २६. आता ३०० कुठून आले? ९,००० भागिले ३०. म्हणजे देताना फक्त मूळ वेतन, आणि दिवस मात्र ३०. माणूस तोच, महिना तोच, कागदही तोच, पण तुमचा एक दिवस कापताना ६९२ चा होतो आणि देताना ३०० चा. हे कुणी मुद्दाम केलं की पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी कधीतरी असं बसवलं गेलं, याचा शोध घेत बसू नका. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की एका दिवसाचा पगार २६ ने भागून काढायचा असतो हे दुकानाने स्वतःच्या कागदावर मान्य केलेलं आहे. उद्या समोरच्याने ‘आमच्याकडे तीसनेच भागतात’ म्हटलं, तर कपातीच्या ओळीवर बोट ठेवा.

२६ चा आधार दुकानाच्या कागदाबाहेरही आहे. साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या की महिन्याला सरासरी तेवढेच कामाचे दिवस उरतात. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे बरीच वर्षं नोकरी केल्यावर मिळणाऱ्या रकमेच्या, नियमात महिन्याच्या पगारावरून दिवसाचं वेतन २६ ने भागूनच काढतात, आणि आपल्या राज्यातलं किमान वेतनही दिवसावर आणताना तोच भागाकार वापरतात.

उरला प्रश्न भागायचं कशाला, याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत ‘वेतन’ म्हणजे काय ते बांधून दिलं आहे. घरभाडं, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, पीएफमधला मालकाचा वाटा हे त्यातून वगळलं आहे. मात्र वगळलेल्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या, तर जादाची रक्कम पुन्हा वेतनात धरावी लागते. तुमच्याबाबत वगळायचं ते घरभाडं, प्रवास आणि कमिशन. मिळून साडेसहा हजार, म्हणजे २१,००० च्या निम्म्याहून बरंच कमी. त्यामुळे ती अट इथे लागत नाही. पण ‘इतर भत्ता’ वगळायच्या यादीत कुठेच नाही. तो वेतनात येतो. ९,००० अधिक ५,५००, म्हणजे १४,५००. त्याला २६ ने भागलं की ५५७ रुपये ६९ पैसे, आपण ५५८ धरू.

हा झाला तुमचा खालचा दर. खालचा अशासाठी म्हणतो, की संहितेच्या आधी लागू असलेल्या वेतन प्रदान कायद्यात वेतनाची व्याख्या ‘पगार, भत्ते किंवा अन्य रूपाने’ मिळणारा मोबदला अशी सैल होती, त्यामुळे २०२४ आणि २०२५ च्या बऱ्याचशा दिवसांसाठी ६९२ च्या दराचा आग्रह धरायला जागा आहे. मागणीपत्रात दोन्ही दर लिहा. पण तडजोडीला बसाल तेव्हा ५५८ च्या खाली एक रुपयाही उतरू नका. कमिशनचं वाईट वाटेल, मलाही वाटतं, कारण तुमची खरी कमाई त्याच्याशिवाय पुरी होत नाही. पण नव्या व्याख्येत ते नाही, आणि जे टिकणार नाही ते मागणीत घातलं की टिकणाऱ्या मागणीलाही धक्का लागतो.

इथेच आणखी एक गोष्ट तपासा. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्याचं किमान वेतन ठरलेलं असतं, आणि त्यातला महागाईशी जोडलेला भाग जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असा दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमचे १४,५०० पुणे महापालिका हद्दीच्या चालू तक्त्याशी ताडून पाहा. दोन वर्षं पगार हललेला नाही आणि तक्ता मात्र दर सहामाहीला हलतो, म्हणून सांगतो. तिथेही कमी निघालं तर ते वेगळं येणं, या हिशोबात मी ते धरलेलं नाही.

आता सुट्ट्या. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तुमच्या दुकानाला लागू आहे. पूर्वी दहा किंवा अधिक माणसांची अट होती, ती २०२५ मध्ये वीसवर नेली, पण तुम्ही चौतीस जण आहात, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो वाद उद्भवतच नाही. या कायद्यानुसार वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या मिळायला हव्यात. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार, वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. या दिवशी दुकान उघडं ठेवायला बंदी नाही, माणसांना बोलावताही येतं. पण बोलावलं तर दुप्पट दराने वेतन द्यायचं, आणि शिवाय बदली सुट्टी द्यायची. मधला शब्द ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे. पुण्यातल्या पुष्कळ दुकानांत दोन्हींतलं एक देऊन विषय मिटवतात. तुम्हाला तर धड एकही मिळालेलं नाही.

दुप्पट म्हणजे हातात किती, यावर नेहमी गोंधळ होतो. तुमचा पगार महिन्याचा आहे, त्यात त्या सुट्टीच्या दिवसाचं एकपट वेतन आधीच आलेलं आहे. म्हणून वर आणखी एक दिवस, म्हणजे ५५८, हे किमान धरा. मिळाले ३००. प्रत्येक दिवसामागे २५८ कमी. २०२४ चे चार, २०२५ चे चार आणि यंदाची २६ जानेवारी असे नऊ दिवस होतात, त्याचे २,३२२ रुपये. आणि न मिळालेल्या नऊ बदली सुट्ट्या. त्या आधी सुट्टी म्हणूनच मागा. नाहीच दिल्या तर नऊ गुणिले ५५८, म्हणजे ५,०२२ रुपये. गेल्या वर्षी २ ऑक्टोबरलाच दसरा होता, दुकानात पाय ठेवायला जागा नसेल. त्या दिवशी तुम्ही किती साड्या उलगडल्या आणि घडी घातल्या ते तुम्हालाच ठाऊक, आणि त्याबद्दल हातावर टेकवले ३००.

अनंत चतुर्दशीचं तर मला फार खटकलं. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरूनच जाते. त्या दिवशी दुकान बंद ठेवण्यावाचून मालकाला गत्यंतर नसतं, गिऱ्हाईक दारापर्यंत पोहोचूच शकत नाही. म्हणजे दुकान बंद मिरवणुकीमुळे, रजा मात्र तुमची गेली! उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या तुमच्याकडे कोणत्या ठरल्या आहेत, हे आधी लेखी विचारा. यादीच केलेली नसेल, किंवा वर्षभरात चार पुऱ्या दिलेल्या नसतील, तर १७ सप्टेंबर २०२४ आणि ६ सप्टेंबर २०२५ हे दोन्ही दिवस सणाच्या पगारी सुट्टीत धरून तुमच्या दोन रजा परत जमा करायला सांगा. मग शिल्लक नऊची अकरा होते.

मतदानाचा खाडा सगळ्यात सोपा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५ब नुसार मतदानाच्या दिवशी मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते आणि त्यापोटी पगार कापता येत नाही. २० नोव्हेंबर २०२४ चे ६९२ रुपये जसेच्या तसे परत मागा.

मग घेतलेल्या रजा. पाच आणि सहा मिळून अकरा, प्रत्येकी २५८ कमी मिळाले, म्हणजे २,८३८. आणि शिल्लक अकरा रजांचे ५५८ ने ६,१३८. सगळं एकत्र केलं की २,३२२ अधिक ५,०२२ अधिक ६९२ अधिक २,८३८ अधिक ६,१३८, बरोबर १७,०१२ रुपये. एका वहीच्या पानावर तारीख, काय झालं, किती मिळायला हवं होतं, किती मिळालं, फरक, असे रकाने पाडून हे स्वतःच्या हाताने लिहून काढा. दुसऱ्याने केलेला हिशोब मालकासमोर बसून समजावता येत नाही, स्वतः मांडलेला येतो.

किरकोळ रजेबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कायद्याने वर्षाला आठ मिळतात, तिमाहीगणिक जमा होतात आणि वर्षअखेरीस न घेतलेल्या बुडतात. मागच्या वर्षांच्या परत मिळायच्या नाहीत, पण चालू वर्षाच्या आजच विचारून ठेवा.

‘फ्लोअर इन्चार्ज’ या पदाला घाबरू नका. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणाऱ्यांना हा कायदा लागू होत नाही, हे खरं. पण अशा लोकांची यादी दुकानाने स्वतःच्या संकेतस्थळावर, ते नसेल तर दुकानात ठळक जागी लावायची असते, आणि तिची प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या दुकाने निरीक्षकाकडे, पाठवायची असते. ती यादी तुम्ही कधी पाहिली आहे का? शिवाय अशा वादात न्यायालयं पदाच्या नावाकडे बघत नाहीत, प्रत्यक्ष कामाकडे बघतात. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का? कुणाला कामावर ठेवता, काढता, कुणाचा पगार ठरवता? की आधीसारख्याच गादीवर बसून साड्या दाखवता आणि वर दोन नव्या मुलींना माल कुठे ठेवायचा ते सांगता? दुसरं खरं असेल तर तुम्ही कामगारच आहात. आणि इन्चार्ज होण्याआधीच्या दिवसांना तर ही सबब लागूच पडत नाही.

आता राजीनाम्याचं. दुकाने कायद्यात शिल्लक अर्जित रजेच्या, म्हणजे काम केलेल्या दिवसांवर साठत जाणाऱ्या रजेच्या, पैशांबाबत एक बारीक मेख आहे. मालकाने काढून टाकलं तर शिल्लक रजेचे पैसे मिळतात. पण कामगार स्वतःहून सोडत असेल, तर त्याने आधी रजा मागितलेली असावी आणि ती नाकारलेली असावी, असं कायदा म्हणतो. वरच्या चार श्रम संहितांपैकीच एक असलेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही अट नाही. तिथे नोकरी सोडणाऱ्यालाही शिल्लक रजेचं वेतन मिळतं, तेही दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला ती लागू आहे. तुम्ही दोन्हींचा आधार घ्या. पण एका कायद्यात फट आहे हे माहीत असताना ती उघडी कशाला ठेवायची? म्हणून आधी अकरा दिवसांच्या रजेचा लेखी अर्ज करा. पंधरा दिवस आधी द्या. मंजूर झाली तर पगारी रजा घ्या, छानच. नाकारली तर नकार लेखी मागा. तोंडी नाकारली तर त्याच संध्याकाळी मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर साधा निरोप टाका: ‘आज मी दिलेला रजेचा अर्ज आपण सध्या गर्दी असल्याने मंजूर करता येणार नाही असं सांगितलंत, त्याची नोंद म्हणून कळवत आहे.’ नोंद म्हणून तेवढं पुरतं. राजीनामा त्यानंतर.

पुरावे आत्ताच, नोकरीत असतानाच जमवा. एकदा सोडलं की ग्रुपमधून काढतात आणि हजेरीचं ॲप बंद होतं. दोन वर्षांची पगारपत्रकं, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं पासबुक किंवा बँकेचा उतारा, दुकानाच्या ग्रुपवर आलेले ‘उद्या १५ ऑगस्ट, सगळ्यांनी साडेनऊला हजर राहावे’ अशा धाटणीचे निरोप, हे आपल्या ईमेलवर पाठवून ठेवा. निरोप खोडू नका, कापाकापी करू नका, जसे आहेत तसेच ठेवा. आणि कमिशनचं पत्रक विसरू नका. बिलावर विक्रेत्याचा कोड छापलेला असतो, त्यावरूनच तुमचं कमिशन निघतं. १ मेच्या तारखेला तुमच्या कोडवर विक्री दिसली, की तुम्ही त्या दिवशी काउंटरवर उभ्या होतात हे दुकानाच्याच नोंदीतून सिद्ध होतं. फक्त एक पथ्य पाळा. तुम्हाला दिलेलेच कागद घ्या. दुकानाच्या संगणकातून परस्पर काही उतरवून घेऊ नका, त्यावरून उलटी तक्रार व्हायला नको. आणि हेही लक्षात ठेवा, की कमी वेतनाचा दावा दाखल झाला तर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. मस्टर त्याच्याकडे आहे, तेव्हा ते दाखवणंही त्याच्याकडेच.

तुम्हाला भांडायचं नाही, हे मी मनापासून समजू शकतो. सहा वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याशी तोंड वाकडं करून जाणं कुणालाच नको असतं. पण लेखी मागणं म्हणजे भांडण नव्हे. पहिलं पत्र असं लिहा:

‘माननीय महोदय, मी नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या दुकानात काम करत आहे. जानेवारी २०२४ पासूनच्या सणाच्या सुट्ट्या, रजा वेतन आणि शिल्लक रजा यांचा हिशोब तपासला असता मला कमी रक्कम मिळाल्याचे दिसते. तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. पगारपत्रकात एका दिवसाची कपात ६९२ रुपये दराने आणि रजा वेतन ३०० रुपये दराने धरले आहे, हा फरक कृपया पाहावा. कायद्यातील वेतनाच्या व्याख्येनुसार दिवसाचा दर किमान ५५८ रुपये येतो. त्या दराने १७,०१२ रुपये येणे आहे. पंधरा दिवसांत ही रक्कम द्यावी, किंवा हिशोबात माझी कुठे चूक होत असल्यास लेखी कळवावे. अधिक दराने येणाऱ्या रकमेचा माझा हक्क राखून ठेवत आहे.’

बस. यात धमकी नको, वकिलाचं नाव नको, ‘अन्यथा’ने सुरू होणारं वाक्य नको. दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर दुकानाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. असं पत्र हातात पडलं की पुष्कळ मालक हिशेबनिसाला बोलावतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. चौतीस माणसांच्या दुकानात हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, हे त्यांनाही कळतं. सोबतच्या दोघी-तिघी तयार असतील तर पत्रं वेगवेगळी पण एकाच दिवशी द्या. मात्र कुणावर जबरदस्ती नको. ज्यांना तिथेच राहायचं आहे त्यांची अडचण वेगळी असते.

पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर कामगार खात्याकडे जा. पुण्यातलं कार्यालय शिवाजीनगर–वाकडेवाडी भागात मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. सोबत मागणीपत्राची पोच, तक्ता आणि पगारपत्रकं न्या. सुट्ट्या न दिल्याची तक्रार सुविधाकाराकडे होते, आणि कमी वेतनाचा दावा वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्यापुढे. त्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. प्राधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि मालकाने तरीही दिले नाहीत तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दहापट ही वरची मर्यादा आहे, ती मिळेलच या भरवशावर बसू नका. संहितेच्या आधीच्या महिन्यांसाठी मुदतीचा वाद समोरून येऊ शकतो, कारण जुन्या वेतन प्रदान कायद्यात एकच वर्ष होतं. म्हणून २०२४ चे दिवस अंगावर असताना आणखी वेळ घालवू नका, याच महिन्यात पत्र द्या.

वकिलाची फी परवडणार नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि १५१०० हा मदत क्रमांक आहे.

शेवटच्या दिवशी तुमच्यासमोर एक छापील कागद येईल: ‘माझा पूर्ण व अंतिम हिशोब मिळाला, आता काहीही येणे नाही.’ पैसे पुरे मिळाले नसतील तर त्यावर नुसती सही करू नका. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘रक्कम अमुक मिळाली, उर्वरित मागणी कायम ठेवून, हरकतीसह स्वीकारली.’ लिहू देत नसतील तर तो कागद घरी वाचून देते म्हणा आणि उठा. चुकून सही झालीच, तरी धीर सोडू नका. वेतन संहितेखालचा हक्क सोडून देणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. पण आधीच सावध राहिलेलं बरं. तुम्ही राजीनामा दिल्यावर राहिलेलं सगळं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, ‘पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर देऊ’ हे चालत नाही. दुकानाकडून उचल घेतलेली असेल तर ती मात्र आधीच हिशोबात मांडा, शेवटच्या दिवशी त्यावरून वाद नको.

आणि जे तुम्ही विचारलंच नाही ते सांगतो, कारण ते या सगळ्याहून मोठं आहे. तुमची सहा वर्षं पुरी झाली आहेत. पाच वर्षांची सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी मिळते, आणि तुमच्या दुकानाला ती लागू आहे. सूत्र असं: शेवटचं महिन्याचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण वर्षं. १४,५०० धरले तर ५०,१९२ रुपये होतात. पण अकाउंटवाल्यांनी इथेही फक्त मूळ वेतन धरलं तर ३१,१५४ च निघतील. १९,००० चा फरक! म्हणजे आज तुम्ही ३०० आणि ५५८ चा वाद मिटवलात, तर ग्रॅच्युइटीचा दरही त्यातच ठरून जाईल. त्यासाठी वेगळा लेखी अर्ज करा, त्याचीही पोच घ्या. रक्कम तीस दिवसांत मिळायला हवी. नेमणुकीचं पत्र नसेल तर २०१९ चा पहिला पगार जमा झालेलं पासबुकाचं पान किंवा पीएफच्या नोंदीतली रुजू झाल्याची तारीख चालते.

तक्ता मांडून झाला की त्याचा फोटो मला पाठवा, बेरजा एकदा तपासून देतो. पाठवताना बँक खात्याचा आणि पीएफचा क्रमांक झाका. आणि अकरा दिवसांच्या रजेचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नका, तो सोमवारीच देऊन टाका.